शिट्टीमास्तरांच्या छातीतलं पाणी

डॉक्टरीणबाईंच्या घरात अबोल्याचेही नियम होते, आणि बाई नियमाच्या पक्क्या. अबोला धरला म्हणून ताट आपटायचं नाही, दार धाडकन लावायचं नाही, आणि जेवायला एकमेकांसमोरच बसायचं. बोलायचं ते मात्र सासूबाईंशी. "आई, आज मीठ जरा कमी वाटतंय का?" असं डॉक्टरसाहेबांनी आईला विचारायचं, आणि "आई, मिठाची डबी त्यांच्या कोपराला लागून आहे," असं बाईंनी सासूबाईंना सांगायचं. सासूबाई मधल्या खुर्चीत बसून एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवायच्या आणि मनातून खूश असायच्या. एरवी दोघं आपापसात दवाखान्याच्या गप्पा मारत जेवून उठायची आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे.

शेवटचा नियम सगळ्यात कडक. जो आधी बोलेल तो हरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, बाई एकदाही हरल्या नव्हत्या. दोन दिवस गेले की साहेबांनाच करमायचं नाही. "अगं, माझा चष्मा पाहिलास का?" म्हणत चष्मा डोक्यावर ठेवूनच ते यायचे, आणि बाई गालातल्या गालात हसून तो खाली ओढून द्यायच्या. झालं, मिटलं.

या खेपेला आठवडा उलटला तरी चष्मा हरवला नव्हता.

कारण होतं कपाट. साहेबांनी झोपायच्या खोलीसाठी कपाट घेतलं. त्यांनी भिंत हात पसरून मोजली, तेच पसरलेले हात दुकानातल्या कपाटाला लावून पाहिले आणि "बसतंय बरोबर" म्हणून ते घेऊन आले. भिंतीला ते बसलंही असतं. पण भिंतीपर्यंत जायला दारातून जावं लागतं, ही गोष्ट साहेबांच्या डोक्यातच आली नव्हती. हमालांनी कपाट उभं करून पाहिलं, आडवं करून पाहिलं, तिरकं करून पाहिलं. शेवटी ते बाहेरच्या खोलीत, नेमकं स्वयंपाकघराच्या वाटेत, ठाण मांडून बसलं. तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाला अंग चोरून स्वयंपाकघरात जावं लागत होतं. समोरासमोर दोघं आली तर एकाला मागे सरावं लागे, आणि अबोल्यात "तू हो पुढे" म्हणायची सोय नसल्यामुळे दोघंही भांडं हातात धरून कपाटाच्या दोन टोकांना पुतळ्यासारखी उभी राहायची.

"दार लहान आहे," साहेब त्या दिवशी हमालांसमोर म्हणाले होते.

इथवर ठीक होतं. पण बाईंचा पारा चढला होता. "ज्यांना साधं कपाट मोजता येत नाही," त्या म्हणाल्या, "ते लोकांच्या काळजात सुया कुठल्या अंदाजानं घालतात, देव जाणे."

हमाल जमिनीकडे बघायला लागले. एकानं उगाच दोरी गुंडाळायला घेतली. साहेबांचा चेहरा असा उतरला की बाईंनी तिथल्या तिथे जीभ चावली. पण तोंडातून गेलेला शब्द परत कसा घ्यायचा? माफी मागायची म्हणजे आधी बोलायचं, आणि आधी बोलायचं म्हणजे हरायचं. बाई गप्प बसल्या. साहेबही गप्प बसले. त्यांच्या गप्प बसण्यात या वेळी राग नव्हता, दुसरंच काहीतरी होतं, आणि तेच बाईंना रात्रंदिवस टोचत होतं.

आता हे दोघं कामाला एकाच इस्पितळात. दोघंही हृदयाचेच डॉक्टर. बाई इको करायच्या, म्हणजे छातीवर यंत्राची मूठ फिरवून हृदय पडद्यावर बघायच्या आणि त्याची भिंत न् भिंत मिलिमीटरमध्ये मोजायच्या. इस्पितळात त्यांना पाठीमागे सगळे मोजपट्टी म्हणत. साहेबांचं नाव पडलं होतं अंदाजे, कारण रोग्यानं काहीही विचारलं तरी त्यांचं उत्तर याच शब्दानं सुरू व्हायचं. मात्र कुणाच्या हृदयाभोवती पाणी साठलं आणि ते सुईनं काढायची वेळ आली, की मोजपट्टी आणि अंदाजे यांच्यासारखी जोडी नाही, हेही सगळे मान्य करत. बाई मूठ धरून उभ्या राहणार आणि साहेब पडद्याकडे बघत सुई घालणार. "थोडं डावीकडे." "इथं?" "तिथंच." वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं.

अबोला धरल्यापासून मात्र सगळे निरोप हेडसिस्टर वाहत होत्या. त्या बिचाऱ्या दोन मजल्यांच्या मध्ये चढउतार करून घायकुतीला आल्या होत्या.

त्या दिवशी सकाळी शिट्टीमास्तर आले. निवृत्त खेळमास्तर, उंचेपुरे, गळ्यात दोरीला शिट्टी. सोबत त्यांची थोरली बहीण, जिला सगळं गाव आणि आता सगळं इस्पितळही ताई म्हणत होतं. मास्तरांना विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ताई देत.

"दम लागतो का?"

"लागतो की! जिना चढताना तर भात्यासारखा."

"पाय सुजतात?"

"संध्याकाळी बूट निघत नाही पायातून. मी ओढते."

"छातीत धडधडतं?"

"त्याचं त्यालाच विचारा," ताई म्हणाल्या, आणि मास्तरांनी तोंड उघडायच्या आत त्याच पुढे म्हणाल्या, "धडधडतं."

मास्तरांची स्वतःची तक्रार वेगळीच होती. मध्ये ताई पदराआड खोकल्या तेवढ्यात त्यांनी ती सांगून घेतली. "शिट्टी पोचत नाही हो. पूर्वी मैदानाच्या त्या टोकाचं पोर जागच्या जागी थांबायचं. परवा वाजवली तर पायाशी बसलेलं कुत्रंसुद्धा उठलं नाही."

एक्स-रे काढला तर सगळ्यांचे डोळे पांढरे झाले. या बरगड्यांपासून त्या बरगड्यांपर्यंत हृदयाचीच सावली. फुप्फुसं बिचारी कोपऱ्यात दाटीवाटीनं बसलेली. तपासणीखोलीतल्या तरुण डॉक्टरनं छोटं यंत्र घाईघाईनं लावून पाहिलं, उजव्या बाजूला काळंच काळं दिसलं, आणि त्यानं सांगितलं, हृदयाभोवती पाणी. साहेबांनीही पाहिलं. एवढं काळं म्हणजे पाणीच. त्यांनी दुपारी सुईनं पाणी काढायचं ठरवलं आणि सिस्टरना निरोप दिला, "मॅडमना सांगा, मोजमाप करत बसू नका म्हणावं. पाणी अंदाजे किती, तेवढं बघा. सुईच्या वेळी नाही आलात तरी चालेल. मी छोट्या यंत्रावर बघून घेईन."

सिस्टर एक मजला उतरल्या. वाटेत त्यांनी निरोपाची धार थोडी बोथट केली. अशी सवयच लागली होती त्यांना. "मॅडम, साहेब म्हणतात, सवडीनं पाणी बघा."

"साहेबांना सांगा, किती ते मोजल्याशिवाय कळत नसतं."

सिस्टर परत वर चढल्या. "साहेब, मॅडम बघतायत."

इकोच्या खोलीत पडदे ओढलेले. मास्तर डाव्या कुशीवर निजले, छातीवर गार जेली पडताच "अगं आई गं" म्हणाले. ताई उशाशी स्टुलावर बसून त्यांचा लहानपणापासूनचा इतिहास सांगत होत्या. बाईंनी मूठ टेकवली आणि पडद्यावर ते काळं उगवलं.

बाईंनाही पहिल्यांदा पाणीच वाटलं. पडद्यावर पाणी काळं दिसतं आणि रक्तही काळंच दिसतं, हीच तर यातली मेख. पण मग त्यांचा हात थबकला. काळ्याच्या आत काहीतरी हलत होतं, उदबत्तीच्या धुरासारखं, अगदी सावकाश, गोल गोल. पाणी असं फिरत नाही. संथ झालेलं रक्त फिरतं. बाईंनी मूठ थोडी कलती केली. त्या काळ्याच्या तळाशी एक झडप उघडझाप करत होती, अगदी आपल्या जागी. झडप उघडते ती एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात. पाण्याला कुठली आलीय झडप?

"मास्तर, श्वास धरा."

"त्याला जमणार नाही," ताई म्हणाल्या.

मास्तरांनी ताईंवरच्या रागानं श्वास धरला, आणि बाईंना हवी होती ती बाजू स्वच्छ दिसली. काळ्याच्या बाहेरून एक पातळ भिंत होती. भिंतीबाहेर पाण्याचा टिपूससुद्धा नव्हता. हे पाणी नव्हतंच. हा हृदयाचा उजवा वरचा कप्पा होता, शरीरभरचं रक्त आधी जिथे येतं तो. तो फुगून फुगून इतका झाला होता की मोजायची रेघ या भिंतीवरून त्या भिंतीवर ओढायला जावं तर दुसरी भिंत पडद्याबाहेर. बाईंनी पडदा लहान केला. तरी मावेना. आपल्या बाहेरच्या खोलीतलं कपाट त्यांच्या डोळ्यांपुढे येऊन गेलं, आणि त्यांनी ते ताबडतोब हाकललं.

असं हृदय त्यांनी फक्त पुस्तकात पाहिलं होतं. काही कारण नसताना एकच कप्पा असा वाढतो, आणि तो हजारांत काय, लाखांतही सापडत नाही. तरी बाई मोजपट्टी. खात्री केल्याशिवाय बोलणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी सिस्टरना दोन पिचकाऱ्या जोडायला सांगितल्या, त्यात मिठाचं पाणी आणि नखभर हवा. हे पाणी या पिचकारीतून त्या पिचकारीत ढकलत राहिलं की बारीक बुडबुड्यांनी दुधाळ होतं. ते दंडाच्या शिरेत सोडायचं. हृदयाबाहेर साठलेलं पाणी असेल तर तिथे एकही बुडबुडा पोचणार नाही, तिथे जायला वाटच नसते.

सिस्टरनी दुधाळ पाणी सोडलं. क्षणभर काही नाही. मग पडद्याच्या काठानं पांढरे ठिपके घुसले, आणि बघता बघता ते सगळं काळं मैदान चांदण्यांनी भरून गेलं. शाळा सुटल्यावर पोरं धावत सुटावीत तसे बुडबुडे कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन घुमत राहिले.

"अय्या!" ताई म्हणाल्या. "हे काय याच्या आत?"

बाईंच्या अंगावर काटा आला. आनंदाचाही आणि भीतीचाही. आनंद असा की आयुष्यात एकदा दिसतं ते दिसलं. भीती अशी की पाणी समजून इथे सुई घातली तर ती थेट हृदयात, आणि ही पातळ भिंत फाटून मास्तर टेबलावरच जातील. आणि या दोन्हींच्या आधी, अगदी पहिल्यांदा, मनात आलं ते हे, की 'अहो, लवकर या, बघा तरी!' असं काही दुर्मीळ दिसलं की दोघं एकमेकांना हाका मारून दाखवत आली होती. तोंडापर्यंत आलेली हाक बाईंनी गिळली.

"सिस्टर, साहेबांना सांगा, पाणी नाही. सुई लावायची नाही. धावत जा."

सिस्टर धावत गेल्या. आणि आता बाईंच्या हातून व्हायला नको ते झालं. त्या परत मोजायला बसल्या. मास्तरांचं इको संपलंय म्हणून त्यांना बाहेर बसवलं, दार लावलं, आणि साठवलेल्या चित्रांवर एकदा, मग पुन्हा एकदा, मग सरासरी काढायला तिसऱ्यांदा रेघा ओढल्या. साहेबांसमोर आकडा ठेवायचा तर तो असा, की त्यांना ब्र काढता येऊ नये. दार उघडून बाहेर आल्या तर बाकावर एकट्या ताई.

"मास्तर कुठेत?"

"नेलं की त्याला. साहेबांना सवड झाली म्हणून आत्ताच घेतो म्हणाले. वॉर्डबॉय आला, खुर्ची घेऊन गेला. शिट्टी काढून ठेव म्हटलं तर ऐकलं नाही मेल्यानं."

आणि सिस्टर? सिस्टर साहेबांच्या खोलीत त्यांची वाट बघत उभ्या होत्या. साहेब दुसऱ्या जिन्यानं सुईच्या खोलीत गेल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

बाई धावल्या. बाई कधी धावत नसत, त्यामुळे बोळातले लोक भिंतीला चिकटून उभे राहिले. सुईच्या खोलीचं दार ढकललं तेव्हा मास्तर टेबलावर उताणे, छातीच्या खालच्या बाजूला जंतुनाशकाचा रंग फासलेला, जागा बधिर केलेली. मुठीत शिट्टी. साहेब मास्क लावून, डाव्या हातात छोट्या यंत्राची मूठ आणि उजव्या हातात लांब सुई धरून वाकलेले.

बाईंनी तोंड उघडलं. आठवडाभराची सवय लागलेली जीभ भलतीकडेच वळली.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "तुमच्या डॉक्टरांना सांगा, ते पाणी नाही."

मास्तरांनी मान वळवली. "डॉक्टर, मॅडम म्हणतात पाणी नाही."

साहेबांनी वर पाहिलं नाही. पण मास्कच्या वर त्यांचे कान लाल झालेले बाईंना दिसले. "मास्तर, मॅडमना सांगा, मला समोर दिसतंय. इतकं तर मलाही मोजता येतं."

"मॅडम, ते म्हणतात, दिसतंय."

"मास्तर, त्यांना विचारा, पाण्यात बुडबुडे कसे शिरले?"

"डॉक्टर, कसे शिरले?"

"मास्तर, त्यांना म्हणावं, सगळ्या गोष्टी—"

"अहो, पण सुई मला टोचायचीय ना!" मास्तर ओरडले. जन्मभर पोरांची भांडणं सोडवलेला माणूस तो. त्यांनी हात वर नेला, शिट्टी ओठांत धरली आणि होता नव्हता तेवढा जीव लावून फुंकली.

आवाज आलाच नाही म्हणायचा. नुसती हवा. किटलीतून वाफ जावी तेवढा एक फुसका सूर निघाला आणि विरून गेला. मास्तरांचे डोळे पाण्यानं भरले. आणि तो सूर ऐकून बाई भानावर आल्या. हे आपण काय करतोय? त्या टेबलावर एक माणूस निजलाय आणि आपण त्याच्या तोंडून निरोप पाठवतोय.

"अहो," बाई म्हणाल्या. "थांबा. सुई खाली ठेवा."

साहेबांनी सुई खाली ठेवली.

का म्हणून विचारलं नाही, पुरावा मागितला नाही, पडद्याकडेही पाहिलं नाही. 'अहो' कानावर पडलं आणि सुई ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज झाला. मग त्यांनी मूठ बाजूला ठेवली, एक पाऊल मागे सरले आणि मास्क खाली ओढला. ते पांढरेफटक पडले होते.

"तू आधी बोललीस," ते म्हणाले. "म्हणजे काहीतरी भयंकर आहे."

"कप्पा आहे तो. उजवा, वरचा. पाण्याचा थेंब नाही बाहेर."

"दाखव."

बाईंनी मोठं यंत्र मागवलं. पुन्हा दोन पिचकाऱ्या, पुन्हा दुधाळ पाणी, पुन्हा चांदण्या. साहेब पडद्यात डोकं घालून बघत राहिले. तोंड उघडंच. "अगं, हे बघ, झडप बघ! अगं, किती आहे हा?" आणि बाईंनी आकडा सांगितला. तिन्ही मापांची सरासरी, मिलिमीटरपर्यंत. साहेबांनी ब्र काढला नाही. त्यांनी फक्त ट्रेमधल्या सुईकडे पाहिलं आणि स्टूल ओढून खाली बसले.

"मास्तर," ते म्हणाले, "मी तुम्हाला मारलं असतं हो."

"पण नाही ना मारलंत," मास्तर म्हणाले. "आता दोघं मिळून काय ते नीट सांगा. एकेकानं. आणि माझ्याशी."

त्यांनी सांगितलं. कप्प्यात रक्त रेंगाळतं, त्याची गुठळी होऊ नये म्हणून आधी रक्त पातळ करायची औषधं, मग मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रिया. ताईंना आत बोलावून पुन्हा सगळं सांगितलं. ताईंनी पदर तोंडाला लावला. सगळ्यांना वाटलं, आता रडतील. "तरी मी आईला तेव्हाच म्हटलं होतं," त्या म्हणाल्या, "याला सगळंच जास्तीचं लागतं."

पुढे मोठ्या इस्पितळातल्या सर्जननी तो कप्पा छाटून बेताचा केला, आणि काही महिन्यांनी इको करून घ्यायला आलेल्या मास्तरांनी इस्पितळाच्या बोळात अशी शिट्टी फुंकली की हेडसिस्टरच्या हातातला औषधांचा ट्रे जमिनीवर. पण हे फार पुढचं.

त्या दिवशी दोघं एकाच गाडीतून घरी निघाली.

"मी हमालांसमोर जे बोलले," बाई म्हणाल्या, "ते मला बोलायला नको होतं. इतके दिवस म्हणायचं होतं. चुकलं माझं."

"खरंच होतं ते."

"नव्हतं. सुई तुमची कधी चुकली नाही. मी शेजारी असते म्हणून नव्हे, तुमचा हात चांगला आहे म्हणून." मग त्यांनी स्टिअरिंगवरच्या त्या हातांकडे पाहिलं. "तुमच्या हातात सुई होती आणि मी मास्तरांकडून निरोप पाठवला. दोनदा."

"मीही उत्तरं दिली. बायकोला हरवायला." साहेबांनी गाडी कडेला घेतली, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "यापुढे अबोला दवाखान्याच्या फाटकाबाहेर."

"फाटकाबाहेर," बाई म्हणाल्या.

घरी सासूबाई ताटं मांडून, मान दोन्हीकडे वळवायच्या तयारीनं बसल्या होत्या. दोघं बोलत बोलत आत आली, साहेब बुडबुड्यांचं वर्णन करत आणि बाई त्यांना मध्येच तोडत. सासूबाईंनी एकाकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं.

"मिटलं वाटतं," त्या म्हणाल्या. त्यांचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे आता माझ्याशी कुणी बोलायला नको."

"अहो आई, आज तर तुम्हालाच सगळं सांगायचंय," म्हणत बाई पाणी आणायला स्वयंपाकघराकडे निघाल्या, आणि त्याच वेळी, बोलता बोलता आधीच आत गेलेले साहेब तांब्या भरून बाहेर येत होते. मधे कपाट. एकच फट. दोघंही थांबली, आठवडाभर थांबत होती तशीच.

"जा, तू आधी," साहेब म्हणाले.

"नको," बाई म्हणाल्या, आणि अंग चोरून भिंतीला टेकल्या. "आज एकदा झालंय माझं आधी. आता तुम्ही या."